सीनियरची वही : सीमाभागातल्या कॉलेजात नव्या पोराला हात देण्यामागची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी, झालेलं पोर कॉलेजात पाऊल टाकतं तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचं असतं. आपल्याकडे अकरावी-बारावी म्हणजे पीयू, आणि पीयू म्हणजे कॉलेजच. सायन्सला गेलं की शिकवणं इंग्रजीत, ऑफिसबाहेरची नोटीस कन्नडमध्ये. मार्चपर्यंत ज्याला घर्षण म्हणत होतो ते जूनमध्ये फ्रिक्शन होतं, बहुपदीची पॉलिनॉमियल होते. गणित येत असतं, पण प्रश्नच कळत नाही. हुशार पोरं पहिल्या चाचणीत आपटतात ती इथे.

अशा वेळी कामी येणारी एक वही मी पाहिली आहे. दोनशे पानी, पुठ्ठा सुटलेला, पहिल्या पानावर तीन नावं, त्यातली वरची दोन खोडलेली. डावीकडे इंग्रजी शब्द, त्याखाली देवनागरीत उच्चार, उजवीकडे पेन्सिलीने मराठी अर्थ. मागच्या पानांवर ऑफिसातले कन्नड शब्द : अर्जी, हाजराती, रजे. शाळेत कन्नड शिकलेलं असलं तरी खिडकीपाशी ते आठवत नाही. मोठ्याने वाचलं की मात्र अर्ज, हजेरी, रजा ऐकू येतात आणि पोराच्या जिवात जीव येतो. ती वही कुठल्याही कॉलेजने दिली नव्हती. गल्लीतल्या दादाने दिली होती.

हे दादापण जुनं आहे. पंतोजींच्या शाळेत मोठा मुलगा धाकट्यांकडून धूळपाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचा. मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हीच रीत वापरली आणि ती पुढे ‘मद्रास पद्धत’ म्हणून इंग्लंडला गेली. आपल्या शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात, 1901 पासून, बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातून आलेल्या पोराला तिथे नुसतं जेवण-खोली नव्हे, आपल्यातलीच चार शिकणारी पोरं मिळाली. माझ्या मते बोर्डिंगचं खरं बळ तेच होतं.

बेळगावात लिंगराज कॉलेज 1933 चं, राणी पार्वतीदेवी कॉलेज 1945 चं. तेव्हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार प्रांतरचना झाली. चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला, बेळगाव-खानापूर-निपाणी म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेले. विद्यापीठ त्याआधीच धारवाडचं झालं होतं, 2010 पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आलं. सीमाप्रश्नावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, ते इथे उगाळत नाही. पण एक गोष्ट घराघरात घडली. ज्या बापाने मराठीत अर्ज केले होते, त्याला मुलाच्या कॉलेजचा कागद वाचता येईना. घरातला जाणता माणूस त्या एका बाबतीत अडाणी झाला आणि ती जागा वरच्या वर्गातल्या पोराने भरली. आज अर्ज, स्कॉलरशिप सगळं पोर्टलवर गेलं, तरी ओटीपी आल्यावर पुढे काय करायचं हे विचारायला पोर त्याच्याकडेच जातं.

सरकारी नियमात हे आलं ते वेगळ्याच दारातून, रॅगिंगच्या. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून राघवन समिती बसली, तिचा अहवाल 2007 चा. मार्च 2009 मध्ये हिमाचलात अमन काचरू हा वैद्यकीय विद्यार्थी रॅगिंगच्या मारहाणीत गेला. त्याच जूनमध्ये यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम निघाले. त्यात मेंटॉरिंग सेलची, म्हणजे नव्यांना वाट दाखवणाऱ्या गटाची, तरतूद आहे : स्वखुशीने पुढे आलेले सीनियर, सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर, आणि असे सहा मेंटॉर सांभाळायला वरच्या वर्षातला आणखी एक. ज्या सीनियरची भीती, त्याच्याच हाती नव्याला सोपवायचं, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. पुढे 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने नव्यांच्या स्वागताची चौकट आली.

पण हे नियम पदवीचे, म्हणजे बीए, बीकॉम, बीएस्सीला आलेल्यांसाठी. यूजीसीचा हात पीयूपर्यंत पोचत नाही, ते राज्याच्या शालेय शिक्षण खात्याकडे. आणि आपल्या पोरांचा पाय मुरगळतो तो पीयू फर्स्टलाच. पदवीला पोचतात ती बहुतेक ती दोन वर्षं कशीबशी तरलेली. जी वाटेतच सुटतात त्यांच्यासाठी सहाला एक मेंटॉर कागदावरसुद्धा नाही. शिवाय नियम भीती घालवायला निघाला. भाषा बदलताना लागणारा आधार त्याच्या मनातच नव्हता.

पीयू सेकंडच्या मुलांवर हे टाकणंही बरोबर नाही, त्यांच्या डोक्यावर बोर्डाची परीक्षा असते. मात्र बेळगावात पीयू आणि पदवी कॉलेज एकाच संस्थेची, एकाच आवारात असलेली उदाहरणं आहेत. मराठी शाळेतून आलेली, आता बीएस्सी-बीकॉमच्या दुसऱ्या वर्षात बसणारी मुलंमुली तिथे मधल्या सुट्टीत त्याच झाडाखाली डबा खातात. कर्नाटक सरकारच्या ‘शक्ती’ योजनेमुळे जून 2023 पासून मुलींचा सरकारी बसचा प्रवास फुकट झाला आहे. खानापूरच्या बसमध्ये पीयू फर्स्टची मुलगी आणि डिग्रीची ताई शेजारी बसतात. फ्रिक्शन म्हणजे घर्षण, हे त्या तासाभरात सांगून होतं. आठवड्यातला एक तास आणि एक खोली संस्थेने द्यावी, पीयूची नवी पोरं आणि पदवीचे दादा-ताई यांची मिळून एकच यादी करावी. वह्या पोरांकडे आहेत.