रायफलच्या नळीतील तांब्याचा थर

जॅकेट (बाहेरून धातूचे आवरण) असलेली गोळी रायफलच्या नळीतून घासत जाते, तेव्हा तिच्या आवरणातले थोडे तांबे आतल्या पोलादाला चिकटते. गोळ्यांमागून गोळ्या सुटत गेल्या की हा साठा वाढतो. यालाच कॉपर फाउलिंग म्हणतात. थोडे तांबे जवळपास प्रत्येक नळीत असतेच आणि त्याने काही बिघडत नाही. कित्येक नळ्या साफ केल्यावर पहिल्या काही गोळ्या भलतीकडे लागतात आणि पातळ थर बसला की नेम स्थिरावतो. तांबे दिसले की घासून काढायचे, ही सवय म्हणूनच चुकीची आहे.

धूरविरहित दारू आल्यावर हा प्रश्न उभा राहिला. फ्रान्सने १८८६ मध्ये या दारूची लेबेल रायफल स्वीकारली. वाढलेल्या वेगाला नुसते शिसे टिकेना, म्हणून गोळीवर कठीण धातूचे आवरण आले. सुरुवातीला अनेक सैन्यांनी तांबे व निकेल यांचा मिश्रधातू वापरला. त्याच्या चिवट गाठी आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचांच्या) उंचवट्यांवर बसत. अमेरिकी सैनिक नळीला बूच मारून तीत तीव्र अमोनियाचे द्रावण भरून ठेवत. ते आत वाळले तर नळी गंजून वाया जाई. १९२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी तिथे कथिलाचा मुलामा दिलेल्या गोळ्या काढल्या. नळी स्वच्छ राहिली, पण कथिल काडतुसाच्या पितळी गळ्याला घट्ट चिकटले. वर नेमबाजांनी गोळीला ग्रीस लावले की दाब धोकादायक वाढे. पुढच्याच वर्षी तांबे-जस्ताचे आवरण आले. सुमारे ९० ते ९५ टक्के तांबे असलेला हा मिश्रधातू आजही सर्रास वापरात आहे.

थर किती बसेल हे मुख्यतः नळीच्या आतल्या पृष्ठभागावर ठरते. नळी कोरणाऱ्या हत्याराचे आडवे ओरखडे राहिले असतील, तर ते कानशीसारखे आवरण खरवडतात. चेंबरच्या (काडतूस बसते त्या जागेच्या) पुढचा भाग गरम वायूंनी झिजून खडबडीत होतो, तिथेही तांबे धरते. म्हणून एकाच कारखान्याच्या दोन नळ्या वेगवेगळ्या वागतात.

ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण लक्ष्यपत्रावर मिळते. काडतूस, वारा आणि नेमबाज तेच असताना ग्रुप (गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) हळूहळू फुटू लागला आणि सफाईनंतर पुन्हा जमला, तर संशय तांब्यावर घ्यावा. मात्र त्याआधी दुर्बिणीचे स्क्रू आणि दस्त्याचे बोल्ट तपासावेत. ढिल्या स्क्रूचा दोष कितीदा तरी नळीच्या माथी मारला जातो. रायफल रिकामी करून, नळी मागून बंद करणारा सरकता बोल्ट काढून, तोंडाशी तिरका उजेड पाडला की उंचवट्यांवर तांबूस पट्टे दिसतात. हा झाला शेवटच्या एक-दोन सेंटिमीटरचा पुरावा. मधली नळी पाहायला बोअरस्कोप, म्हणजे नळीत घालायची बारीक दुर्बीण, लागतो. कधीकधी तांब्यावर काजळी आणि काजळीवर पुन्हा तांबे असे थर साचतात, त्यामुळे आधी काजळी काढल्याशिवाय खालचे तांबे द्रावणाला सापडत नाही.

अमोनियायुक्त द्रावणात तांबे विरघळले की नळीतून फिरवलेली कापडाची चिंदी निळी होऊन बाहेर येते. ब्राँझचा ब्रश किंवा सफाईच्या गजाचे पितळी टोक वापरले, तर त्यातल्याच तांब्याने चिंदी निळी होते आणि माणूस स्वच्छ नळी घासत बसतो. चाचणीसाठी नायलॉनचा ब्रश घ्यावा. द्रावण बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नये, खोली हवेशीर असावी आणि ब्लीचशी त्याचा कधीही संबंध येऊ देऊ नये. शेवटी नळी पुसून तेलाचा हलका हात द्यावा, आणि पुढच्या गोळीबाराआधी तेही पुसून काढावे.

प्रतिबंधात सर्वाधिक उपयोग गुळगुळीत नळीचा. चांगले कारागीर शिशाच्या साच्यावर बारीक अपघर्षक लावून नळी आतून लॅप करतात, म्हणजे घासून गुळगुळीत करतात. काही दारूंमध्ये तांबे कमी चिकटावे म्हणून बिस्मथची संयुगे घातलेली असतात; तोफांच्या दारूत कथिल किंवा शिसे घालण्याची पद्धत त्याहून जुनी. संपूर्ण तांब्याच्या गोळ्यांवर आडव्या खाचा पाडल्याने घर्षण घटते. नळी फार तापू न देणे हा बिनखर्ची उपाय. सफाई शक्यतो चेंबरकडून, गजाला आधार देणारी मार्गदर्शक नळी लावून करावी. वाकडा गज तोंडाशी घासून नेमाचे जे नुकसान करतो, ते तांब्यासारखे धुऊन निघत नाही.

०.२२ इंची रिमफायर (काडतुसाच्या कडेवर घाव बसून पेटणाऱ्या) रायफलींचे प्रकरण निराळे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे विश्वविजेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवले, ते याच रायफलींच्या ५० मीटर प्रकारांत. तिथली स्पर्धेची गोळी जॅकेटविना, वंगण लावलेल्या शिशाची असते. नळीत साचते ते शिसे, वंगण आणि काजळी, आणि त्यावर तांबे काढणारे द्रावण काम करत नाही.