गिरीश बापट कधीच हरले नव्हते का?

पुण्याच्या कसबा पेठेतील कट्ट्यांवर आजही ठामपणे सांगितले जाते, की भाजपचे नेते गिरीश बापट आयुष्यात एकही निवडणूक हरले नाहीत आणि २०२३ पूर्वी कसबा विधानसभा मतदारसंघ काँग्रेसच्या हाती कधी गेलाच नव्हता. दोन्ही विधाने चुकीची आहेत.

१९८५ मध्ये येथून काँग्रेसचे उल्हास काळोखे निवडून आले होते. पुढे १९९० मध्ये भाजपचे अण्णा जोशी आमदार झाले आणि १९९१ मध्ये ते लोकसभेवर गेल्यामुळे झालेल्या पोटनिवडणुकीत पक्षाने बापटांना उभे केले. तेव्हा काँग्रेसच्या वसंत थोरातांनी त्यांचा पराभव केला. म्हणजे ज्या कसब्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, तेथील त्यांची विधानसभेची सुरुवातच पराभवाने झाली. १९९६ मध्ये पुण्यातून लोकसभा लढवताना सुरेश कलमाडींकडूनही ते हरले.

हा गैरसमज रुजला तो १९९५ ते २०१४ या काळातील सलग पाच विजयांमुळे, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण आज चाळिशीत असलेल्या मतदाराने कळत्या वयात २०१९ पर्यंत कसब्याला दुसरा आमदार पाहिलाच नव्हता. तरी तेही विजय सगळेच सोपे नव्हते: २००९ मध्ये मनसेच्या रवींद्र धंगेकरांनी त्यांना चांगलेच झुंजवले होते. याच धंगेकरांनी २०२३ ची पोटनिवडणूक काँग्रेसतर्फे जिंकली. त्या प्रचारात आजारी बापट नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, चाकाच्या खुर्चीवरून केसरीवाड्यातील मेळाव्याला आले होते. निकालानंतर महिनाभरातच, २९ मार्चला, त्यांचे निधन झाले.