प्रशिक्षकांची मानके आणि ती पाहणाऱ्या दोन नजरा

प्रशिक्षकाला काय यायला हवे हे सांगणारी लिखित मानके स्त्री आणि पुरुष प्रशिक्षकांना सारखीच महत्त्वाची वाटतात का, हा येथील प्रश्न आहे. नाशिकमध्ये भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर किंवा पंचवटीतील मीनाताई ठाकरे स्टेडियमवर एखाद्या प्रशिक्षकाची पात्रता विचारली, की 'एनआयएस झालेत', म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतली आहे, एवढेच उत्तर बहुधा मिळते. १९५३ मध्ये राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाची प्रशिक्षण योजना देशात सुरू झाली होती. तथापि प्रशिक्षक घडवण्याची कायमस्वरूपी व्यवस्था उभी राहिली ती १९६१ मध्ये, पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाल्यावर. पुढे १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण आले. या प्रवासात मानक म्हणजे पदविका, आणि पदविका म्हणजे प्रामुख्याने तंत्र, सराव व क्रीडाविज्ञान, असे समीकरण आपल्याकडे रुजले.

अमेरिकेत प्रश्न निराळा होता. तेथे शालेय संघांना शिकवणाऱ्यांसाठी देशभर एकसारखी अशी पात्रताच नव्हती, म्हणून १९९५ मध्ये राष्ट्रीय मानके लिहिली गेली. २००६ च्या सुधारित आवृत्तीत ४० मानके आठ क्षेत्रांत मांडलेली होती, आणि त्यांपैकी खेळाचे कौशल्य व डावपेच यांना वाहिलेले क्षेत्र केवळ एक होते. उरलेल्यांत नीतिमत्ता, सुरक्षितता, मुलांची वाढ, अध्यापन व संवाद यांचा समावेश होता.

अशा मानकांबद्दलच्या स्त्री आणि पुरुष प्रशिक्षकांच्या मतांचा विचार येथेच महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेत १९७२ च्या समान संधीच्या कायद्यापूर्वी महाविद्यालयीन महिला संघांच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक स्त्रिया होत्या. कायद्यामुळे त्या पदांना पैसा व प्रतिष्ठा आली, तसे पुरुषही तेथे आले आणि स्त्रियांचे प्रमाण पुढे निम्म्याखाली गेले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तर प्रशिक्षकांत स्त्रिया जेमतेम १३ टक्के होत्या. जिला आपली पात्रता वारंवार सिद्ध करावी लागते, तिला लिखित मानक आधारासारखे वाटणे आणि ज्याची ओळख खेळाडू म्हणून आधीच प्रस्थापित आहे, त्याला तेच मानक जास्तीची कागदपत्रे वाटणे, दोन्ही मला स्वाभाविक वाटते. अर्थात हा भेद सरसकट नाही.

नाशिकचा अनुभवही हेच सुचवतो. प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली सावरपाड्याच्या कविता राऊत हिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, आणि त्यानंतर आदिवासी पाड्यांवरच्या मुलींसाठी ही वाट अधिक ओळखीची झाली. घर सोडून शहरात सरावाला येणाऱ्या मुलीच्या बाबतीत राहण्याची सोय, आहार, मासिक पाळी आणि पालकांचा विश्वास या गोष्टी धावण्याच्या तंत्राइतक्याच निर्णायक असतात. पण पदविकेच्या प्रमाणपत्रावरून त्यांतले काहीच कळत नाही. ही जबाबदारी अनेकदा महिला क्रीडाशिक्षिकेकडे सोपवली जाते, तीही मानक म्हणून नव्हे, तर बाईमाणूस म्हणून.

२०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने आणि २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या छळविरोधी कायद्याने यांपैकी सुरक्षिततेची जबाबदारी कायद्याच्या कक्षेत आणली. २०२३ मधील महिला कुस्तीपटूंच्या आंदोलनाने ती देशासमोर मांडली, आणि २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद झाली.