सेल्फ लागत नाही? बॅटरी बदलण्याआधी हे वाचा

जून लागला की सकाळी गॅरेजचं शटर वर करतो तेव्हा दोन-तीन स्कूटर ढकलत आणून दारात लावलेल्या असतात. मालकांचं म्हणणं बहुधा एकच असतं, “बॅटरी गेली, नवीन टाका.” बॅटरी आम्ही विकतो, पण न मोजता विकत नाही. का, ते आमच्या गिऱ्हाइकांना माहीत असावं म्हणून हा कागद.

गेल्या वर्षी लालबागच्या एका ताईंची स्कूटर आली. दीड वर्षात दुसऱ्या ठिकाणी दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या, तरी सेल्फ दाबला की खट् खट् आणि मीटरचा दिवा मंद. आम्ही मोजलं तर बॅटरी १२.७ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या वजा टोकाला आणि दुसरी चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, लावून सेल्फ दाबला. तिथे जवळजवळ काहीच दिसायला नको, दिसले पावणेदोन व्होल्ट. अर्थची, म्हणजे बॅटरीच्या वजा टोकाकडून येणारी वायर जिथे चासीला बोल्टने आवळलेली असते तो बोल्ट खोलला. रिंगखाली हिरवट पावडर आणि गंजाचा पापुद्रा होता. पॉलिश पेपरने जागा घासली, नवी रिंग दाबून बसवली, वरून पेट्रोलियम जेली लावली. सेल्फ पहिल्या दाबाला लागला. ताईंचे दोन बॅटऱ्यांचे पैसे मात्र गेले ते गेलेच, आणि त्याचं आम्हाला खरंच वाईट वाटलं.

मुंबईत हे वारंवार घडतं. वरळी, माहीम, वर्सोवा इथल्या हवेत मीठ आहे आणि चार महिने पाऊस. तांब्याच्या तारेवर, टर्मिनलवर, कपलरच्या (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाच्या) आतल्या पिनांवर हिरवट-पांढरा थर धरतो. करंट तिथे अडतो. हॉर्नला, दिव्याला पुरेल इतका जातो, पण सेल्फच्या मोटरला एका झटक्यात जो मोठा करंट लागतो तो जात नाही. म्हणून “हॉर्न तर वाजतोय, मग वायरिंग ठीकच असणार” असं धरून चालू नका.

गाडी ढकलण्याआधी घरीच पाहा

ब्रेक पूर्ण दाबून सेल्फ मारा. ब्रेक लिव्हरच्या स्विचकडून इशारा गेल्याशिवाय बहुतेक स्कूटरचा सेल्फ लागतच नाही. मागे कुणाला तरी उभं करून ब्रेक दाबल्यावर लाल दिवा लागतो का ते विचारा. लागत नसेल तर बल्ब ठीक आहे का पाहून आधी त्या स्विचवर संशय घ्या, तो स्वस्तात बदलून होतो. उलट ब्रेक सोडल्यावरही दिवा चालू राहत असेल तर स्विच अडकलाय, आणि तुम्ही गाडी चालवताय तोवर तो बॅटरी खातोय. बऱ्याच नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असला तरी इंजिन सुरू होत नाही. इंजिन बंद करायचा स्विच चुकून दाबला गेलाय का तेही बघा.

मग कान द्या. नुसतं खट् खट् येत असेल तर बॅटरी उतरलीय किंवा जोड सैल आहे. एकच ठळक खट् येऊन पुढे शांत, आणि दिवे मंद होत नाहीत, तर सेल्फ मोटरचे कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे) किंवा रिले (मोटरचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) तपासावा लागेल. काहीच आवाज नाही, मीटरही काळा, तर फ्यूज पाहा. मात्र काही नव्या मॉडेलांत सेल्फची वेगळी मोटरच नसते, इंजिनवरचा, एरवी वीज तयार करणारा मॅग्नेटच ते काम करतो आणि गाडी जवळजवळ आवाज न करता सुरू होते. त्या गाडीला ही आवाजाची परीक्षा लावू नका.

फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा टाका. दहाच्या जागी वीस नको, आणि सिगरेटच्या पाकिटातली चांदी तर कधीच नको. फ्यूज वितळतो तो वायरिंग वाचवायला. चांदी वितळत नाही, मग सीटखालची वायरिंग वितळते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा टाकू नका, गाडी आणा. कुठेतरी वायर घासून चासीला टेकलीय, किंवा उंदराने कुरतडलीय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बरेच दिवस उभ्या गाडीत हे आम्ही नेहमी बघतो.

आम्ही काय मोजतो

रात्रभर उभ्या गाडीची चांगली, भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास असेल तर ती जवळपास रिकामी आहे. फेरी मारून आल्याआल्या मोजलं तर आकडा फसवा, जास्त येतो. म्हणून शक्य असेल तर गाडी रात्री आमच्याकडे ठेवून जा. दुसरं माप सेल्फ दाबताना: व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळलं तर बॅटरी आतून थकलीय. तिसरं, इंजिन चालू ठेवून रेस दिल्यावर: साडेतेरा ते साडेचौदा यायला हवेत. आकडा बारावरच अडला तर चार्जिंगच होत नाही, कॉईल प्लेट (इंजिनवर वीज तयार करणारी), रेक्टिफायर (ती वीज बॅटरीजोगी करून व्होल्टेज आवरणारा) किंवा त्यांचा कपलर यांत दोष आहे, आणि अशा गाडीत टाकलेली नवी बॅटरीही काही दिवसांत उतरणार. पंधराच्या वर गेला तर रेक्टिफायर गेलाय. बल्ब वरचेवर उडणं, बॅटरी फुगणं ही त्याचीच लक्षणं. हे तिसरं माप घरी घेऊ नका, स्टँडवर मागचं चाक फिरत असतं.

एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना हेडलाइट बंद करायचं बटण नाही, इंजिन चालू असेतोवर दिवा चालूच. घर ते स्टेशन दीड किलोमीटर, त्यात चार सिग्नल, एवढ्यात सेल्फने घेतलेला करंट परत भरत नाही. वर जादा एलईडी, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर. स्कूटरची बॅटरी चार-पाच अँपिअर-अवरची, चारचाकीच्या मानाने अगदी लहान. आठवड्यातून एकदा सलग अर्धा-पाऊण तास गाडी चालवा. जादा दिवे लावायचेच असतील तर वेगळा फ्यूज आणि रिले घालून लावून घ्या, मूळ वायर सोलून टेप गुंडाळून नको. कंपनीची वॉरंटीही त्याने अडचणीत येते.

पाण्यातून गेलात तर

बऱ्याच स्कूटरची बॅटरी पायाखालच्या फ्लोअरबोर्डखाली असते. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात गाडी घातली की पाणी पहिल्यांदा तिथेच पोचतं. गाडी बंद पडली तर सेल्फ मारत राहू नका. चावी बंद करा, गाडी पाण्याबाहेर काढा आणि फोन करा. इंजिनमध्ये पाणी गेलं असेल तर सेल्फने नुकसान वाढतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा (प्रदूषणाच्या कडक नियमांच्या) गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या आहेत, त्यांचा पेट्रोल पंपही बॅटरीवर चालतो. बॅटरी अगदीच उतरली तर किकने गाडी सुरू होईलच असं नाही.

गणपतीला गावी जाताना

पंधरा दिवस गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीची वजा बाजू सुटी करून ठेवा. काळी वायर शोधत बसू नका, अनेक गाड्यांत अर्थची वायर हिरवी असते. बॅटरीवरची वजा खूण पाहा. सोडताना वजा आधी, परत जोडताना वजा शेवटी, म्हणजे पाना चासीला लागला तरी ठिणगी उडत नाही. जमत नसेल तर निघायच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.