गणाच्या जागी कोण? जयंतीच्या मंचामागचा जलसा

11 एप्रिलला जोतीराव फुले, 14 एप्रिलला बाबासाहेब आंबेडकर. या दिवसांत महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, एखादा मांडव लागलेला दिसतोच. निळं कापड, हार घातलेल्या तसबिरी, एका अंगाला वक्त्याचा माईक आणि दुसऱ्या अंगाला ढोलकी, पेटी, झांज. पत्रिकेत व्याख्यान सातला असतं, सुरू होतं साडेआठला, आणि नऊच्या सुमारास मागच्या सतरंजीवरून हळूच विचारणा होते, ‘गाणी कधी हाय?’

वक्त्याला गर्दी मिळावी म्हणून गाण्यांचा कार्यक्रम जोडला, असं अनेकांना वाटतं. ते तितकंसं खरं नाही. या मंचावर गायक पाहुणा नाही. फुले-आंबेडकरांचा विचार वाडी-वस्तीवर पोचला त्यात पुस्तकांइतकाच, कदाचित जास्तच, वाटा या ढोलकीचा आहे. त्यामागे शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. त्याचं नाव जलसा.

जलसा समजायचा तर आधी तमाशाची बांधणी ठाऊक हवी. पहिला गण, मग गवळण, मग बतावणी म्हणजे विनोदी सवालजवाब, लावण्या आणि शेवटी वग, म्हणजे तमाशातलं नाट्य. गण म्हणजे गणपतीला नमन. ढोलकीवाला आणि हलगीवाला समोरासमोर येऊन जुगलबंदी करतात, मागचे सुरते सूर धरतात आणि शाहीर गणाला हात घालतो. गवळणीत पेंद्या आणि मावशी हशा पिकवतात. लोक या क्रमाला इतके सरावलेले होते, की गण संपला की पुढे काय येणार हे पोराटोरालाही माहीत. नवी गोष्ट सांगायची तर याहून सोयीची चौकट कुठली?

हे फुल्यांना फार लवकर कळलं होतं. 1855 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. एक शेतकरी, त्याची गरोदर बायको आणि ग्रहदशेची भीती घालून त्यांना नागवणारा जोशी. मधेमधे विदूषक येतो आणि चाललेल्या लबाडीवर बोट ठेवतो. शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात. ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारलं आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं ते छापलंच गेलं नाही. पण त्यातला विदूषक मला तमाशातल्या सोंगाड्याचा सख्खा भाऊ वाटतो. 1869 साली फुल्यांनी शिवाजी महाराजांवर लिहिलं तेही पोवाड्यातच.

24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. देव आणि माणूस यांच्यात भट-दलाल नको, हा त्याचा गाभा. फुले ज्याला ‘निर्मिक’ म्हणत, त्या निर्मात्याला मध्यस्थ लागत नाही. 28 नोव्हेंबर 1890 रोजी फुले गेले. समाजाचं काम थंडावलं, पण विझलं नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत सातारा, कोल्हापूर, नगर, पुणे या भागांत त्याला पुन्हा पालवी फुटली. मुकुंदराव पाटील नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ‘दीनमित्र’ हे वृत्तपत्र चालवत होते, कोल्हापुरात शाहू महाराजांचा पाठिंबा होता, आणि गावोगाव फिरत होते सत्यशोधक जलसे.

जलशाने तमाशाची चौकट ठेवली आणि आतला माल बदलला. पहिला बदल गणात. नमन झालं, पण गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा पती, पुढारी, असा अर्थ लावून. कुठे थेट निर्मिकालाच नमन. बतावणीत सावकार, कुलकर्णी, भटजी यांची सोंगं आली. वगाचा विषय राजाराणीचा राहिला नाही. तो लग्नातल्या कर्जाचा, मुलाला शाळेत न घालण्याचा, अडाणीपणापायी अंगठा उठवून गेलेल्या जमिनीचा झाला. समोरचा माणूस आपल्याच घरातली फजिती बघून हसायचा, आणि हसता हसता गप्प व्हायचा.

नाचणारी बाई मात्र जलशात नसे. स्त्रीभूमिका पुरुषच करत. आज आपल्याला हे खटकतं, आणि खटकावंही. ज्या बायकांच्या गळ्यावर आणि पायांवर तमाशा उभा होता, त्यांना सुधारणेच्या मंचाने बाहेर ठेवलं. पण त्या काळातली दुसरी बाजूही होती. तमाशात नाचणाऱ्या बहुतेक बायका महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या, आणि त्यांच्या नाचावर पैसे उधळणारे कोण, हे साऱ्या गावाला माहीत. लावणीकार शाहीर पठ्ठे बापूरावांनी, त्यांच्या फडातली नर्तकी पवळा हिच्या तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला पैसे देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते घेतले नाहीत, ही गोष्ट अजून सांगितली जाते. ‘तमाशा’ शब्द टाळून ‘जलसा’ म्हणण्यामागे हा सगळा पदर आहे.

आंबेडकरी जलसे आले ते याच वाटेने. 1927 साली महाडचं चवदार तळं, 2 मार्च 1930 पासून नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह. माणसं पेटली होती, पण त्यांच्यापर्यंत बातमी न्यायची कशी? बाबासाहेबांची ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ ही पत्रं निघाली होती. मात्र 1931च्या जनगणनेत देशात शंभरामागे दहा माणसंही साक्षर नव्हती, आणि शाळेच्या ओट्याखाली बसवल्या जाणाऱ्यांत त्याहून कितीतरी कमी. ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता तो उगाच नव्हे. वाचता न येणाऱ्यालाही अभंग पाठ असतो.

नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक या जलशांचं मोठं नाव. त्यांनी पुढे या जलशांवर पुस्तकही लिहून ठेवलं, म्हणून निदान एवढी माहिती उरली. केरूजी घेगडे, पतितपावनदास यांचेही जलसे गाजले. यांच्या गणात गणपती गेला आणि बाबासाहेब आले. विषय रोकडे होते: मेलेली ढोरं ओढू नका, शिळ्यापाक्यासाठी हात पसरू नका, दारू सोडा, पोरींनाही शाळेत घाला. बतावणीत एक गडी ‘बापजाद्यांपासून चालत आलंय’ म्हणायचा आणि दुसरा त्याची टर उडवायचा. अंगावर धडुतं, डोक्यावर गॅसबत्ती, आणि खेळ आटपून रात्रीच चालत पुढचं गाव गाठायचं. वर्गणीदार नसलेलं हे वर्तमानपत्र होतं.

आपली दहा भाषणं आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब म्हणाल्याचं सांगतात. गंमत अशी की हेच वाक्य गीतकार वामनदादा कर्डकांच्या गाण्याबद्दलही सांगितलं जातं. आडनाव एक, जिल्हा एक, माणसं वेगळी. नेमकं कुणाबद्दल आणि कधी, यावर भांडत बसण्यापेक्षा ज्या समाजाने हे वाक्य दोघांनाही बहाल केलं, त्याला आपल्या गायकांची किंमत केवढी वाटत होती ते पाहावं.

जयंतीची प्रथाही याच काळातली. पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी 14 एप्रिल 1928 रोजी पहिली सार्वजनिक आंबेडकर जयंती केल्याचं मानलं जातं. बाबासाहेब तेव्हा 37 वर्षांचे, हयात आणि ऐन लढाईत. त्याच पुण्यात तीनच वर्षांपूर्वी, 1925 साली, फुल्यांचा पुतळा उभारण्याचा केशवराव जेध्यांचा ठराव नगरपालिकेत फेटाळला गेला होता. त्यावरून उसळलेल्या वादात दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक आलं, खटला झाला, आणि अपिलात आरोपींच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. पुतळ्याला जागा मिळत नव्हती तेव्हा तसबीर खांद्यावर घेऊन मिरवणूक काढणं याला वेगळा अर्थ होता. आज डीजेच्या भिंतींवर नाक मुरडणाऱ्यांनी, मीही त्यांतलाच, हे ध्यानात ठेवावं.

या धाग्याला तिसरा पीळ बसला तो गिरणगावात. 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णा भाऊंचा जन्म 1 ऑगस्ट 1920चा, वाटेगावचा. त्याच दिवशी मुंबईत लोकमान्य टिळक वारले. त्यामुळे महाराष्ट्रात 1 ऑगस्टला अजूनही दोन हार लागतात, आणि कुठल्या चौकात कुठला मोठा, हे बघण्यासारखं असतं. अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची. तमाशा मात्र रक्तातला. त्यांनी गणातून गणपती काढला आणि तिथे मायभूमीला, शिवरायांना वंदन घातलं. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना तमाशावर आणि कलापथकाच्या खेळांवर बंदी आली. तेव्हा तोच ऐवज ‘लोकनाट्य’ या नावाने उभा राहिला. नाव नवं, ढोलकी तीच. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत आचार्य अत्र्यांच्या भाषणाइतकीच अमर शेखांच्या पहाडी आवाजाची वाट बघितली जायची.

2 मार्च 1958 रोजी मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटन करताना अण्णा भाऊ म्हणाले की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नाही, ती दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे. भाषणातलं हे वाक्य, पण ऐकायला पोवाड्यातलं वाटतं. 1969 साली 18 जुलैला अण्णा भाऊ गेले आणि 29 ऑगस्टला अमर शेख. सहा आठवड्यांत एका कलापथकाचे दोन खांब.

खुद्द जलसा तोवर आटला होता. 1956च्या धम्मदीक्षेनंतर वगनाट्याची जागा सुट्या गीतांनी घेतली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922–2004) तरुणपणी निरक्षर होते. कुणीतरी पत्र वाचायला दिलं, वाचता येईना, त्या शरमेने अक्षरं गिरवली, आणि मग आयुष्यभर गाणी लिहिली. शबनम पिशवी खांद्याला लावून ते वस्त्यावस्त्यांवर फिरले. कव्वालीचा बाज आला, सामने रंगले, ऐंशीच्या दशकात कॅसेटी आल्या. प्रल्हाद शिंद्यांचा तोच गळा आषाढीला विठ्ठलासाठी, भाद्रपदात गणपतीसाठी आणि एप्रिलमध्ये भीमासाठी वाजू लागला. निर्मिकाच्या हिशेबात हे बसतं का, असा प्रश्न विचारणारे तेव्हाही होते. शिंद्यांनी उत्तर द्यायच्या भानगडीत न पडता गात राहणं पसंत केलं. शाहीर विठ्ठल उमप 2010च्या नोव्हेंबरात नागपुरात दीक्षाभूमीवर कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले, ते परतले नाहीत.

आता मांडवात वग नसतो, मावशी नसते, गॅसबत्ती तर नसतेच. की-बोर्डवाला एका बोटाने ढोलकी वाजवतो. दहाच्या आत आवरा म्हणून पोलिसाची शिट्टी होते आणि निवेदक घाईने गाणी गाळतो. गाळलेल्यांत पहिलं गाणं मात्र कधीच नसतं. गणपतीच्या, निर्मिकाच्या, मायभूच्या ठिकाणी आता बौद्ध त्रिशरण आणि वंदनगीत. ते होईपर्यंत सतरंजीवरचे लोक उभे असतात, आणि मगच कुणी चहाला म्हणून बाहेर सटकतो.