त्याच्याशी की त्याचा?

२५ ऑगस्ट १९८९ रोजी व्हॉयेजर-२ हे अवकाशयान नेपच्यूनच्या ढगांपासून सुमारे ४,९५० किलोमीटरवरून गेलं. नासाच्या लेखी तो 'नेपच्यून एन्काउंटर'. मुंबईत वाढलेल्या माणसाला हे वाचून क्षणभर नेपच्यूनची काळजी वाटते.

'एन्काउंटर' हा शब्द इंग्रजीत १३०० च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून आला. मुळाशी लॅटिन 'कॉन्ट्रा', म्हणजे विरुद्ध. सुरुवातीचा अर्थ शत्रूशी आमनेसामने येणं असाच होता. पुढे धार बोथट झाली आणि कुणी अवचित भेटलं तरी हाच शब्द चालू लागला. (दुकानातला काउंटर मात्र या घराण्यातला नाही. तो 'मोजणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला, म्हणजे कॉम्प्युटरचा भाऊबंद.) जर्मनमध्ये भेटीला 'बेगेग्नुंग' म्हणतात. तिच्याही पोटात 'गेगेन', म्हणजे विरुद्ध, बसलेला आहे.

समोर येणारा मित्र की वैरी, हे भेट झाल्याशिवाय कळत नाही. भाषा बहुधा दोन्ही शक्यता एकाच शब्दात ठेवते. 'स्टेशनवर त्याची गाठ पडली' आणि 'गाठ माझ्याशी आहे!' यांतली गाठ एकच.

भारतात या शब्दाचं जे झालं त्याला भाषाविज्ञानात अर्थसंकोच म्हणतात. संस्कृतात 'मृग' म्हणजे कुठलाही वनपशू, म्हणून सिंह मृगेंद्र. मराठीत उरलं फक्त हरीण. तसंच 'एन्काउंटर' म्हटलं की आपल्याला पोलिसांची गोळीच आठवते. ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे पोलिसांकडून मारला गेला, तेव्हापासून मुंबईच्या बोलण्यात हा अर्थ मुरत गेला.

पण मला अर्थापेक्षा व्याकरण जास्त बोलकं वाटतं. बातमीतला मराठी प्रतिशब्द 'चकमक'. मूळ तुर्की शब्द, ठिणगी पाडणाऱ्या गारगोटीचा. ठिणगीला दोन वस्तू लागतात, म्हणून चकमक दोघांत 'झडते'. १९९५ ते १९९७ मधल्या मुंबईतल्या सुमारे ९९ एन्काउंटरांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ मध्ये अशा मृत्यूंच्या तपासासाठी १६ निर्देश आले. त्या निकालातही एन्काउंटर पोलीस आणि कथित गुन्हेगार 'यांच्यात' होतो. नाक्यावर कुणी तसं म्हणत नाही. तिथे 'त्याच्याशी एन्काउंटर झाला' हे वाक्यच ऐकू येत नाही. 'त्याचा एन्काउंटर केला' असंच म्हणतात.