सावल्यांमधला निळेपणा हा कॅमेऱ्याचा दोष नव्हे

निसर्गदृश्याच्या छायाचित्रात सावलीचा भाग उजळला की तो निळसर दिसू लागतो; हा कॅमेऱ्याचा दोष असून तो पूर्णपणे काढून टाकलाच पाहिजे, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे.

उघड्यावरच्या सावलीत थेट ऊन पोहोचत नाही. तिथे येतो तो मुख्यतः निरभ्र आकाशातून विखुरलेला प्रकाश, आणि हवेतील रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश अधिक विखुरत असल्याने तो मुळातच निळसर असतो. दुपारच्या उन्हाचे रंगतापमान (प्रकाशाच्या छटेचे माप; आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर) सुमारे ५,५०० केल्विन धरले, तर अशा सावलीचे ७,००० केल्विनच्या वर जाते. म्हणजे एकाच चौकटीत दोन वेगळे प्रकाश असतात. डोळा ज्या फरकाशी नकळत जुळवून घेतो, तो सेन्सर मात्र नोंदवून ठेवतो.

म्हणूनच संपूर्ण चित्राचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा एकूण तोल, उबदार (पिवळसर) केल्यास सावली राखाडी होते खरी, पण उन्हातले खडक नारिंगी पडतात. बर्फावर हे लगेच कळते: सावलीतला बर्फ पांढरा करताच उन्हातला पिवळा होतो. माझ्या मते सावलीपुरता मास्क करून, म्हणजे फक्त तेवढाच भाग निवडून, तिथल्या निळ्या रंगाचे सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) थोडेच कमी करावे. ते शून्यावर आणले, तर सावली निर्जीव दिसते. अगदी गडद भाग उजळल्यावर उमटणारे जांभळट-हिरवट ठिपके मात्र वेगळे. तो नॉइज, म्हणजे कमी प्रकाशामुळे सेन्सरच्या नोंदीत उमटणारा गोंधळ, असतो आणि त्यावरचा खरा उपाय चित्र टिपतानाच, आकाशाचा तपशील जळणार नाही इतपत एक्स्पोजर (सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाश) वाढवून किंवा ब्रॅकेटिंग करून, म्हणजे तेच दृश्य वेगवेगळ्या एक्स्पोजरने टिपून, योजावा लागतो.